पिवळा नंदी

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये वाहन कशाला म्हणावं हे सांगताना एक अपवाद केला आहे. फक्त कारखान्याच्या किंवा तसल्याच एखाद्या बंदिस्त आवारात वापरायला बनवलेली खास गाडी ही कायद्याच्या लेखी मोटार वाहन नाही. आता फोर्कलिफ्ट बघा. स्वतःचं वजन चार-साडेचार टन, पुढे दोन लोखंडी काटे, त्यांवर तीन टन माल, खाली चाकं, पोटात डिझेल, डोक्यावर गरगरणारा दिवा, वर हॉर्न. तरी ती वाहन नाही. नंदीला चाक नाही, दिवा नाही, ब्रेक तर नाहीच नाही. पण त्याचं वाहनपण पुराणकाळापासून पक्कं आहे. काशीतल्या माणसाला यात काही खटकत नाही. त्याच्या मते गाडी ती, जी आपल्याला वाट देत नाही.

हे सगळं मला आमच्या भाऊजींमुळे कळलं. ताईचं सासर काशीतलं, ब्रह्माघाटावरचं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेलं मराठी घर. जिन्यात अंधार, स्वयंपाकघरात गोडा मसाला आणि बोलण्यात ‘अरे गुरू’. भाऊजी गंगेपलीकडे रामनगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. कारखान्याचं नाव लिहू नकोस, अशी ताईची सक्त ताकीद आहे. सेफ्टी ऑफिसर हा मोठा अवघड पेशा. त्याचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडत नाही तर याला पगार कशाचा, हा प्रश्न दर मार्चमध्ये निघतो.

फोर्कलिफ्टला ‘पिवळा नंदी’ हे नाव भाऊजींचं. श्राद्धात वृषोत्सर्ग करून सोडलेले सांड काशीच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरताहेत, त्यामुळे नवीन पोरांना समजावायला ही उपमा त्यांना बरी पडे. पुढे दोन शिंगं, सगळं वजन ढुंगणात, आणि ‘मी निघालोय, तुम्ही बघा’ हा स्वभाव. पण एक फरक ते बजावून सांगत. सांडापासून जपायचं तर शिंगांवर नजर ठेवायची, हे काशीतल्या रांगत्या पोरालाही कळतं. पिवळ्या नंदीपासून जपायचं तर नजर शेपटावर हवी.

कारण या यंत्राचं स्टिअरिंग मागच्या चाकांना असतं. पुढची चाकं भार पेलतात, वळायचं काम मागच्यांचं. ऑपरेटर डावीकडे वळला की यंत्राचं तोंड अदबीनं डावीकडे जातं आणि त्याच वेळी मागचा तो ओतीव लोखंडाचा बोजा उजवीकडे सपकन बाहेर येतो. तिथे रॅक असेल तर रॅक, भिंत असेल तर भिंत, आणि ‘आपण तर बाजूला उभे आहोत’ अशा समजुतीत असलेला हेल्पर असेल तर तो. तो बोजा शोभेचा नसतो. पुढच्या आसावर सगळा तोल तोललेला असतो. पुढे माल, मागे बोजा. दोन पुढची चाकं आणि मागच्या आसाचा मध्य, या तीन बिंदूंचा त्रिकोण मनात काढायचा आणि यंत्र व माल यांचा मिळून गुरुत्वमध्य त्या त्रिकोणात राहील असं बघायचं. राहिला तर आपण घरी जेवायला. माल वर उचलावा तसा तो मध्यही वर चढतो आणि मग जरासं वळणसुद्धा त्याला त्रिकोणाबाहेर ढकलायला पुरतं. म्हणून माल घेऊन चालताना काटे जमिनीपासून वीतभर वर, मास्ट, म्हणजे काटे ज्यावर चढतात-उतरतात तो उभा सांगाडा, थोडा मागे झुकलेला, आणि वेग माणसाच्या चालीचा.

माणसाची चाल म्हणजे किती, यावर रामनगरात एकदा वाद झाला. भाऊजी म्हणाले, आपण सकाळी ऑफिसला येतो ती चाल. ऑपरेटर म्हणाला, साहेब, आम्ही सुटी झाल्यावर जातो ती धरू का?

या ऑपरेटरांपैकी बरेचसे आधी ई-रिक्षा चालवणारे. ई-रिक्षाचं पुढचं चाक वळतं, फोर्कलिफ्टची मागची, एवढाच फरक असता तर महिन्याभरात सवय झाली असती. पण ई-रिक्षावाल्याच्या हाडात आणखी एक गोष्ट मुरलेली असते. रिकामी जागा दिसली की ती सवारीची. फोर्कलिफ्टला सीट एकच असते, ती का एकच असते हा प्रश्न तिच्या रचनाकाराने सोडवून टाकलेला आहे. पण मागचा बोजा चांगला रुंद आणि सपाट. एका दुपारी भाऊजींना दिसलं की बोज्यावर दोन हेल्पर, एका काट्यावर एक, आणि ऑपरेटर गोडाऊनच्या दारात ओरडतोय, “गोदौलिया, गोदौलिया!” गंमत म्हणून ओरडत होता, हे कबूल. पण काट्यावरचा उतरला तेव्हा त्यानं खिशात हात घातला होता, असं भाऊजी शपथेवर सांगतात.

हॉर्नचंही तेच. नियम असा की प्रत्येक आंधळ्या कोपऱ्यावर, प्रत्येक दारातून आत-बाहेर होताना हॉर्न द्यायचा. नियम उत्तम आहे, फक्त तो काशीबाहेरच्या माणसानं लिहिला आहे. काशीत हॉर्न हा इशारा नसून श्वास आहे. जन्मभर तो ऐकलेल्या माणसाच्या कानामागे हॉर्न वाजवला, तर तो मान वळवत नाही, पानाची पिंक सांभाळत जागेवरच अर्धा इंच सरकतो. मग कारखान्यानं निळे दिवे आणले. फोर्कलिफ्टच्या पुढे काही अंतरावर जमिनीवर निळा ठिपका पडतो. यंत्र कोपऱ्याआड असलं तरी ठिपका आधी येतो आणि माणूस सावध होतो. जगभर हा उपाय चालतो. रामनगरात पहिल्या दिवशी निळा ठिपका पडला आणि तो बघायला त्याच्याभोवती माणसं गोळा झाली.

नियम कसे शिकवावेत याबद्दल भाऊजींची स्वतंत्र मतं होती. भिंतीवरच्या पाट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. ‘सावधानी हटी, दुर्घटना घटी’ वाचून आजवर एकही माणूस सावध झाल्याचं मी पाहिलेलं नाही, म्हणत. यमक जुळलं की माणसाला वाटतं काम झालं. म्हणून नव्या ऑपरेटरांचा पहिला वर्ग ते गोडाऊनमध्ये न घेता थेट शिंदे घाटावर घेत.

शिंदे घाट ही काशीतल्या मराठी माणसाची अभिमानाची जागा. १८३० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी तो बांधवला. होळकरांचा घाट आहे, नागपूरकर भोसल्यांचा आहे, तर आपला त्यांच्याहून दणदणीत हवा, असं मनात आलं असेल तर आपण तरी त्यांना कसं नावं ठेवणार? दगड इतका लावला, इतका लावला की त्या भाराने घाटच नदीत खचला. पुढे तो पुन्हा बांधावा लागला. भाऊजी त्या पायऱ्यांवर उभे राहून, मराठी असल्याचा सगळा अभिमान आवाजात आणून सांगत: “हे बघा, आमच्या लोकांनी केलेलं ओव्हरलोडिंग. घाटावर क्षमतेची पाटी नव्हती. तुमच्या फोर्कलिफ्टवर आहे.”

आणि ही पाटी नीट वाचायची असते. तीन टन लिहिलंय म्हणजे कसाही तीन टन, असं नाही. मालाचा मध्य काट्यांच्या टाचेपासून साधारण ५०० मिलिमीटरवर असेल, तर तीन टन. खोकं लांबोडकं असलं, मध्य पुढे सरकला, तर तेच यंत्र दोन टनालाही मागची चाकं उचलतं. आणि स्टिअरिंग मागच्या चाकांना! म्हणजे जास्त माल घेतला की आधी जाते ती वळायची सोय. अशा वेळी मागच्या बोज्यावर चार हेल्पर बसवून तोल साधायचा, हा उपाय भारतभर सर्वमान्य आहे आणि भारतभर तो चुकीचा आहे.

इथवर वर्ग ठीक चाले. मग भाऊजी शेजारच्या रत्नेश्वर महादेवाकडे वळत. हे देऊळ मागच्या बाजूला सुमारे नऊ अंशांनी कललेलं आहे, वर्षातले कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्याखाली असतो, आणि त्याची छायाचित्रं जगभर गेली आहेत. “पाया भुसभुशीत असला की काय होतं बघा,” भाऊजी म्हणत. “म्हणून फोर्कलिफ्ट कच्च्या जमिनीवर, खड्ड्यात, गटाराच्या झाकणावर न्यायची नाही.” यावर एका पोरानं देवळाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, “साहब, मास्ट भी तो पीछे ही झुकाते हैं?” दुसरा म्हणाला, “और गिरा तो नहीं आज तक.” फोर्कलिफ्टचा मास्ट मागे साधारण दहा-बारा अंशांपर्यंत झुकतो. म्हणजे महादेव नियमात बसत होते. भाऊजींनी पुढच्या तुकडीपासून रत्नेश्वर वगळला.

त्यानंतर त्यांनी सिनेमा आणला. जर्मनीत २००० साली ‘श्टाप्लरफारर क्लाउस’ नावाचा एक छोटा चित्रपट निघाला. क्लाउस नावाच्या फोर्कलिफ्ट चालकाचा कामावरचा पहिला दिवस. वर वर बघता अगदी कंपनीत दाखवतात तसली सुरक्षेची फिल्म. निवेदनाचा आवाजही मुद्दाम त्या गृहस्थांचा, जे जर्मन टीव्हीवर वाहतुकीचे नियम समजावून सांगणाऱ्या कार्यक्रमातून घरोघर माहीत होते. तो आवाज शांतपणे नियम सांगत जातो आणि क्लाउस शांतपणे एकेक नियम मोडत जातो, आणि दहाएक मिनिटांत गोदामाचा खाटीकखाना होतो. जर्मन माणसाला विनोद येत नाही म्हणणाऱ्यांनी तो पाहावा, जेवणानंतर नको. भाऊजींना वाटलं, रक्त बघून पोरं गंभीर होतील. पोरं हसून हसून लोळली, ‘एक बार और’ म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून जो जोरात गाडी चालवेल त्याचं नाव ‘क्लाउसवा’ पडलं. गंमत म्हणजे हा उपाय लागू पडला. मेमोला कुणी भीक घालत नसे. क्लाउसवा म्हणवून घ्यायची मात्र प्रत्येकाला लाज वाटे.

मुळात या यंत्राला कुणी घाबरत नाही, हीच त्याची खोड. शहराच्या दुसऱ्या टोकाला रेल्वेचा इंजिन कारखाना आहे. आधीचं डिझेल रेल इंजिन कारखाना हे नाव जाऊन २०२० पासून ते बनारस रेल इंजन कारखाना झालं. तिथून १९६४ च्या जानेवारीत पहिलं डिझेल इंजिन बाहेर पडलं. त्या जातीचं इंजिन शंभर टनांच्या वर भरतं. असलं धूड क्रेनला लटकून डोक्यावरून निघालं की कुणाला सांगावं लागत नाही, माणूस आपोआप वर बघतो आणि बाजूला होतो. फोर्कलिफ्ट डोक्यावरून जात नाही. ती पिवळीधम्मक, ठेंगणी, जत्रेत मुलांना बसवायला आणलेली असावी अशी दिसते. १९१७ साली अमेरिकेतल्या क्लार्क नावाच्या कंपनीने असलं ट्रक-ट्रॅक्टरचं पिल्लू स्वतःच्याच कारखान्यात माल हलवायला केलं, ते बघून येणारे-जाणारे ‘आम्हालाही एक द्या’ म्हणू लागले आणि धंदा सुरू झाला. आपल्याकडेही विक्रोळीला गोदरेजने साठच्या दशकातच फोर्कलिफ्ट बनवायला घेतली. रामनगरला मालाची मोठी स्वप्नं पडू लागली ती १२ नोव्हेंबर २०१८ नंतर, गंगेवरच्या नव्या टर्मिनलवर कोलकात्याहून सोळा कंटेनर घेऊन बोट आली तेव्हापासून. नदीच्या अलीकडे विश्वेश्वरगंजच्या बाजारात मात्र अजून पल्लेदाराची पाठ चालते. तीन टनी फोर्कलिफ्टला वळून माल लावायला साधारण चार मीटरची वाट लागते. काशीच्या गल्लीत तेवढ्या जागेत एक देऊळ, दोन दुकानं आणि एक वारसाहक्काचा दावा मावतो.

एक गोष्ट सांगताना भाऊजी विनोद करत नसत. यंत्र कलंडायला लागलं की शरीर म्हणतं, उडी मार. गंगेकाठी वाढलेल्या पोराचं तर आधीच म्हणतं. आणि नेमकं तेच करायचं नाही. उडी मारणारा ज्या बाजूला पडतो त्याच बाजूला यंत्र पडतं, आणि डोक्यावर संरक्षण म्हणून बसवलेला तो लोखंडी पिंजरा त्याच्यावर येतो. पट्टा लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावं, पाय रोवावेत आणि पडण्याच्या उलट बाजूला झुकून आतच बसून राहावं. बसून राहणारा बहुतेक वेळा वाचतो. पण पट्टा लावला नाही की यंत्र टीं-टीं करतं, म्हणून लोक तो सीटच्या मागून आधीच अडकवून ठेवतात आणि त्यावर बसतात. यंत्राचं समाधान होतं.

१७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा. आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू मिळतं, तिकडे या दिवशी. त्या दिवशी फोर्कलिफ्ट धुऊन-पुसून लख्ख, मास्टला केळीचे खुंट, काट्यांना झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू. एरवी रोज सकाळी चाकं, साखळ्या, काटे, तेलगळती, ब्रेक, हॉर्न बघायची जी यादी असते, ती भरताना तोंड वेंगाडणारा ऑपरेटर या दिवशी यंत्राचा अणुरेणू निरखून काढतो. तसा कायदाही होता. कारखाने कायदा, १९४८ नुसार उचलण्याच्या यंत्रांची आणि साखळ्यांची जाणकाराकडून बारा महिन्यांतून एकदा तरी कसून तपासणी व्हायला हवी असे. विश्वकर्म्याने तेवढी मुदत न चुकता पाळली. फक्त पूजेत स्वस्तिक काढायला सपाट, स्वच्छ, डोळ्यांसमोरची जागा लागते आणि अशी जागा फोर्कलिफ्टवर एकच असते. पुढचे कित्येक आठवडे क्षमतेच्या पाटीवर तीन टनांच्या जागी शेंदूर असे. भाऊजींची पंचाईत अशी की शेंदूर पुसावा तर धर्म आड येतो, ठेवावा तर भौतिकशास्त्र. शेवटी त्यांनी शेजारी दुसरी पाटी लावून घेतली. पुढच्या वर्षी दोन स्वस्तिकं आली.

आता इतकं ऐकून वाचकांना वाटेल की सगळा दोष बनारसी स्वभावाचा. मला तसं वाटत नाही. भाऊजी सांगत, सकाळी दहा वाजता क्लाउसवासुद्धा शहाण्यासारखा चालवतो. घोळ होतो तो संध्याकाळी. शहरातली अवजड गाड्यांची नो एंट्री उठायच्या वेळेला ट्रक भरून तयार हवेत, फाटकाबाहेर सहा गाड्या लागलेल्या, सेल्सवाल्याचा फोन, ट्रान्सपोर्टवाल्याच्या शिव्या, आणि सकाळी सेफ्टीवर भाषण देणारा तोच सुपरवायझर संध्याकाळी घड्याळ दाखवत ओरडतो, “अरे, उडवा रे गाडी!” माणसांनी चालायची पिवळ्या रेघांमधली वाट तोवर पॅलेटच्या थप्प्यांनी भरलेली असते, कारण माल ठेवायला दुसरी जागा नाही. मग माणसं फोर्कलिफ्टच्या वाटेवरून चालतात. हा बेशिस्तपणा म्हणायचा तर तो आधी नकाशा काढणाऱ्याचा आणि टार्गेट ठरवणाऱ्याचा. त्यांना हेल्मेट घालावं लागत नाही.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. आठवडाभर कारखान्यात घोषवाक्य स्पर्धा, शपथ, समोसे. एका वर्षी ‘सर्वांत सुरक्षित ऑपरेटर’ म्हणून ज्याला प्रेशर कुकर मिळाला, तो वर्षातले बरेच महिने गावी भावाच्या जमिनीच्या खटल्यात होता. त्याच्या नावावर एकही अपघात नव्हता. हे बक्षीस सार्थ होतं असं भाऊजींचं मत.

पण त्यांचा खरा जीव होता तो एका वहीत. थोडक्यात हुकलेल्या अपघातांची वही. १९३१ साली हाइनरिक नावाच्या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसाने पुस्तक लिहून मांडलं की एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ इजा आणि इजा न होता निभावलेल्या ३०० घटना असतात. पुढच्या अभ्यासकांनी त्या आकड्यांवर पुष्कळ शंका घेतल्या. पण हुकलेलं लिहून ठेवावं म्हणजे लागणारं टळतं, एवढं त्यातलं भाऊजींनी उचललं. वही गोडाऊनच्या दाराशी दोरीनं बांधलेली होती, सोबत पेन. पेन पहिल्याच दिवशी गेलं. वही कोरीच राहिली, कारण आपण कुठे कसे थोडक्यात वाचलो हे सहीनिशी लिहून देण्याइतका भोळा माणूस रामनगरात नव्हता.

मग भाऊजींनी स्वतःच पहिली नोंद केली. अमुक तारीख, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. प्लांट मॅनेजर मोबाईलवर बोलत पिवळी रेघ ओलांडून भरलेल्या फोर्कलिफ्टपुढे आले. ऑपरेटरचा वेग योग्य, काटे खाली, हॉर्न दिलेला. त्याने वेळेत ब्रेक लावला. इजा नाही, नुकसान नाही. वही मॅनेजरकडे गेली. परत आली तेव्हा नोंदीखाली लाल शाईत शेरा होता: ‘गंभीर बाब. संबंधितास समज द्यावी.’

“मग?” मी विचारलं. “दिलीत समज?”

“दिली की,” भाऊजी म्हणाले. “ऑपरेटरला. सहीसुद्धा घेतली.”

ताईने आतून विचारलं, चहा करू का. भाऊजी म्हणाले, कर, आणि त्या वहीत पुढे एकही नोंद झाली नाही हेही जाता जाता सांगून टाकलं.